रंगमंचावर न आलेली पात्रे
(संस्थेच्या महोत्सवानिमित्त सुरत येथे दिलेले भाषण)



संस्थेचा इतिहास सांगणारे अधिकारी वक्ते आज या व्यासपीठावर आहेत. माझ्याकडे चालकांनी करमणुकीचा विषय सोपविला आहे. तेव्हा कीर्तन, रेडिओ, नाटक आणि सिनेमा यांतील अशा काही पात्रांविषयी बोलतो, की ज्यांना आपण कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. आणि तरीही ज्यांच्यावाचून ती कथा उभीच राहत नाही.

आरंभ कीर्तनापासून करू. देवळाच्या सभामंडपात बुवा एकटेच उभे असतात. मागे पेटी, तबला आणि झांजा, एवढाच सरंजाम. खांद्यावरचे उपरणे डोक्यावरून घेतले की द्रौपदी झाली. तेच कमरेला कसले की दुःशासन झाला. समोर बसलेल्या आजीच्या डोळ्यांना पाणी येते. तिने काय पाहिले? एक उपरणे. बाकीचे सारे तिने स्वतःच्या मनाने उभे केले.

मुंबई आकाशवाणीवरचे पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी हेही असेच घराघरांत शिरले. त्यांचे चेहरे श्रोत्यांना दिसत नव्हते, पण हे लोक आपल्याच चाळीत राहतात असे वाटे. पु. ल. देशपांडे यांनी साठीच्या दशकात एकट्याने ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर वसविली. पुढे १९७९ साली प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आले. त्यात ५२ पात्रे होती, आणि माणूस मात्र एकच! अशी पात्रे निम्मी नट घडवितो व निम्मी प्रेक्षक. ही अदृश्यता प्रेमाची आहे.

दुसरी तऱ्हा मंत्राने किंवा यंत्राने नाहीसे होणाऱ्यांची. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १८९७ साली ‘अदृश्य माणूस’ लिहिला. त्याचा नायक ग्रिफिन हा शास्त्रज्ञ. तो स्वतः दिसेनासा होतो, पण त्याचे कपडे दिसतात; म्हणून ऐन थंडीत त्याला उघड्या अंगाने हिंडावे लागते. कोणी पाहत नाही असे कळताच त्याच्या डोक्यात सत्तेची धुंदी चढते, आणि लोकांच्या हातून मार खाऊन मरताना तो पुन्हा दिसू लागतो. आपल्याकडे १९५७ साली अशोककुमारांचा ‘मिस्टर एक्स’ आला, १९६४ साली किशोरकुमारांचा ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’, आणि १९८७ साली ‘मिस्टर इंडिया’. या शेवटच्याच्या मनगटावर यंत्र असते आणि लाल प्रकाशात तेवढा तो दिसतो. पण हा गडी अनाथ मुलांच्या बाजूने उभा राहतो. युक्ती तीच, माणूस निराळा! कोणी पाहत नसताना आपण कसे वागतो, यावरच माणसाची परीक्षा ठरते, एवढे या करमणुकीतूनही समजते.

आता तिसरी तऱ्हा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि सुलभा देशपांडे यांची लीला बेणारे. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्याचा चित्रपटही केला. एक हौशी नाटकमंडळी खेडेगावी प्रयोगासाठी जाते आणि वेळ घालविण्याकरिता खोट्या खटल्याचा खेळ मांडते. आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभे करतात. हसता हसता खेळ खरा होतो. या अविवाहित शिक्षिकेच्या खाजगी आयुष्याची चिरफाड सुरू होते. तिच्या पोटात ज्यांचे मूल आहे ते प्रोफेसर दामले संबंध नाटकात एकदाही येत नाहीत. तिच्या कोवळ्या वयात तिला फसविणारा सख्खा मामा, तोही येत नाही. जी हजर आहे तिच्यावर आरोप, तिलाच शिक्षा. जे आले नाहीत त्यांना कोणी साधे बोलवायलाही जात नाही.

मंडळी, या दामल्यांना आपण ओळखत नाही काय? आपल्या सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली किती तरी मराठी कुटुंबे यंत्रमागांवर राबत आली आहेत. एखादी बाई मुलाची फी भरण्यास मदत मागायला कुठल्याशा संस्थेच्या दारी जाते. नवरा घर सोडून गेलेला. टेबलापलीकडे पाच-सातजण बसलेले. “तो का गेला? भांडण कशावरून झाले? माहेरचे काय करतात?” तास-तासभर प्रश्न चालतात. मदत शंभराची, पण जबानी हजाराची! आणि जो गेला त्याच्या नावाने एक पोस्टकार्डही निघत नाही. आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्या कमावत्या मुलांचीही गोष्ट हीच. म्हातारा खुर्चीसमोर उभा, मुलगा पडद्याआड.

यावर कोणी म्हणेल, चौकशी केल्याशिवाय ट्रस्टचा पैसा द्यावा कसा? प्रश्न रास्त आहे. हा पैसा लोकांचा आहे आणि त्याचा हिशोब द्यावाच लागतो. परंतु गरज तपासणे निराळे आणि माणसाला आरोपी करणे निराळे. उत्पन्न, घरभाडे, शाळेची पावती एवढे पाहिले तरी गरज कळते. दोघांनी घरी जाऊन शांतपणे विचारावे. त्यांत एक बाई असावी. आणि अर्जात एक रकाना वाढवावा: ‘येथे यावयास हवी होती, पण आली नाही, अशी व्यक्ती कोण?’ अर्जदाराची हरकत नसेल तर पहिले पत्र त्या व्यक्तीला जावे.

पुन्हा त्या कीर्तनाकडे वळतो. कौरवांच्या सभेत भीष्म दिसत होते, द्रोण दिसत होते, पाचही पती समोर बसले होते. त्यांचा द्रौपदीला काय उपयोग झाला? जो सभेत नव्हताच, त्या श्रीकृष्णाने तिची लाज राखली. वस्त्रामागून वस्त्र आले, देणारा हात मात्र दिसला नाही. साड्यांच्या या शहरात ही कथा तर आपल्याला अधिकच जवळची वाटावी.

आपल्या परंपरेत याला गुप्तदान म्हणतात. देणगीदारांच्या याद्यांत ‘एक हितचिंतक’ अशी ओळ आली की मला नेहमी तो अदृश्य हात आठवतो. देणाऱ्याने पडद्याआड राहावे, यात त्याचा मोठेपणा आहे. पण ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याने पडद्याआड राहू नये, आणि आपणही त्याला राहू देऊ नये.

यापुढे नाटक पाहाल तेव्हा रंगमंचावर कोण आले एवढेच पाहू नका. कोण आले नाही तेही पाहा. आणि संस्थेच्या कचेरीत बसाल तेव्हा तर हे अवश्य पाहा.