मुक्त आज्ञावली आणि महिन्याचा हिशेब

काशीच्या पाठशाळांत कोणताही मोठा ग्रंथ एकटा शिकवला जात नाही. पतंजलीचे महाभाष्य हाती घेतले, की त्याच्यासोबत कैयटाचा ‘प्रदीप’ येतो आणि ‘प्रदीपा’च्या पाठोपाठ नागेशभट्टांचा ‘उद्द्योत’ येतो. नागेशभट्ट हे काळे उपनावाचे महाराष्ट्रीय विद्वान. अठराव्या शतकात याच नगरीत त्यांचे अध्यापन आणि ग्रंथलेखन चालले. त्यांचे गुरू हरि दीक्षित हे भट्टोजी दीक्षितांचे नातू. भट्टोजींनी पाणिनीची सूत्रे विषयवार लावून ‘सिद्धान्तकौमुदी’ रचली. त्यांचे शिष्य वरदराज यांनी तीच आटोपशीर करून नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी ‘लघुसिद्धान्तकौमुदी’ सिद्ध केली. भट्टोजींच्या ‘प्रौढमनोरमे’वर जगन्नाथ पंडितांनी कठोर प्रहार केले आणि भट्टोजींच्या परंपरेतील पंडितांनी त्यांना उत्तरे दिली. मूळ संहिता समोर होती, तिच्यावरील आक्षेप समोर होता आणि त्याचे निरसनही समोर होते. एकाच्या ग्रंथावर दुसऱ्याने लिहावयाचे झाल्यास अनुमती मागण्याचे कारण पडत नव्हते.

आजच्या व्याख्यानाचा विषय संगणकाच्या मुक्त आज्ञावलींचा आहे. या आज्ञावली लिहिणारे कार्यकर्ते महिन्यामागून महिना कोणते काम करतात आणि त्या कामाचा हिशेब का देतात, हे त्यात पाहावयाचे आहे. विषय नवा असला, तरी काशीकरांना तो सर्वस्वी अपरिचित वाटू नये, म्हणून आरंभी या टीकापरंपरेचे स्मरण केले.

आज्ञावली म्हणजे संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, याविषयीच्या लेखी सूचना. माणसाला वाचता येईल अशा भाषेत त्या प्रथम लिहिल्या जातात; या लेखनाला मूळ संहिता म्हणावे. पुढे तिचे यंत्राला समजणाऱ्या सांकेतिक रूपात रूपांतर होते. हे दुसरे रूप चालवता येते. परंतु ते वाचून त्यातील विचार उमगणे जवळजवळ अशक्य असते. बहुतेक व्यापारी कंपन्यांनी ग्राहकाला केवळ हे दुसरे रूप दिले आणि मूळ संहिता स्वतःजवळ राखली.

या प्रथेविरुद्ध अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवणे, तिची मूळ संहिता अभ्यासून ती आपल्या गरजेप्रमाणे बदलणे, तिच्या प्रती इतरांना देणे आणि स्वतः केलेल्या सुधारणांसह ती वाटणे, अशी चार स्वातंत्र्ये प्रत्येकास असावीत, ही या चळवळीची भूमिका होय. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या परवानापत्राने या स्वातंत्र्यांना कायद्याचा आधार दिला. जो अशी आज्ञावली सुधारून वाटेल, त्याने सुधारलेली संहिताही त्याच अटींवर उपलब्ध करावी, असे हे परवानापत्र सांगते. १९९१ साली हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने ‘लिनक्स’चा गाभा लिहिला आणि पुढील वर्षी तो याच परवान्याखाली आणला. १९९३ साली ‘डेबियन’ हा प्रकल्प सुरू झाला. लिनक्सचा गाभा आणि सहस्रावधी मुक्त आज्ञावली एकत्र जुळवून, तपासून लोकांना देणे हे त्याचे कार्य.

इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोहोंना एकच शब्द असल्याने तेथे बराच गोंधळ माजला. आपल्या भाषांत हे दोन शब्द वेगळे आहेत, हे आपले भाग्य. तरीही व्यवहारात आपण ‘मुक्त’ असे म्हणतो आणि मनात ‘फुकट’ असेच समजतो. या चुकीची किंमत पुढे पाहू.

आता कार्यकर्त्याच्या महिन्याकडे वळू. डेबियनची प्रत्येक आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर सुमारे तीन वर्षे तिची नियमित देखभाल होते. परंतु कार्यालये, विद्यापीठे आणि रुग्णालये आपली यंत्रे इतक्या लवकर बदलू शकत नाहीत. म्हणून २०१४ पासून जुन्या आवृत्त्यांना आणखी दोन वर्षे सांभाळण्याची व्यवस्था करण्यात आली. ‘फ्रेक्सियन’ ही फ्रान्समधील कंपनी या कामासाठी अनेक संस्थांकडून वर्गणी जमवते आणि कार्यकर्त्यांना तासांच्या हिशेबाने मोबदला देते. महिन्याच्या अखेरीस किती तास मिळाले, किती खर्ची पडले, कोणते दोष दूर झाले आणि कोणते राहिले, याचा वृत्तांत प्रत्येकाने जाहीरपणे द्यावयाचा असतो. भारतीय कार्यकर्त्यांनीही असे मासिक वृत्तांत लिहिले आहेत.

हे वृत्तांत वाचणाऱ्याची प्रथम निराशाच होते. त्यांत शोधांची घोषणा क्वचितच आढळते. दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या आज्ञावलीत सुरक्षिततेचा दोष सापडला, नव्या आवृत्तीसाठी केलेली दुरुस्ती जुन्या संहितेत जशीच्या तशी बसेना, म्हणून ती पुन्हा लिहावी लागली, चाचणी घेता दुसरेच काही बिघडले, ते सुधारले, कोणी पाठवलेली सुधारणा तपासून काही शंकांसह परत केली, अशा नोंदींचे हे टिपण असते. गृहिणीच्या दिवसाचा हिशेब मांडला तर तोही असाच दिसेल. काम झाले, तर ते झाल्याचे कोणाला जाणवत नाही. राहिले, तर घर अडते.

अशा एका बारीक कामाचे उदाहरण आपल्या लिपीतून घेता येईल. ‘किती’ हा शब्द संगणकात साठवताना ‘क’ आधी आणि त्याची वेलांटी नंतर येते. परंतु पडद्यावर वेलांटी आधी दिसावी लागते. जोडाक्षरांचे प्रश्न याहून बिकट. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या लेखनात ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन भिन्न शब्द आहेत. पहिल्याने विद्वान येतात, दुसऱ्याने स्वयंपाकी. पहिल्यातील ‘र’ अक्षराच्या डोक्यावर रफार म्हणून बसतो. दुसऱ्यातील ‘र’ आडव्या रेघेसारखा अक्षराच्या आधी जोडला जातो. हा भेद यंत्राला आपोआप कळत नाही. अक्षरांची अशी जुळणी करणारी ‘हार्फबझ’ नावाची मुक्त आज्ञावली आज कोट्यवधी भ्रमणध्वनींत आहे. ज्या काशीत १८९३ साली नागरीप्रचारिणी सभा स्थापन झाली आणि जिच्या प्रयत्नांचा हातभार लागून १९०० साली या प्रांताच्या कचेऱ्यांत नागरीला प्रवेश मिळाला, त्या नगरीला या कामाचे मोल निराळे सांगावे लागू नये. त्या पिढीने अर्ज आणि सह्या गोळा केल्या. या पिढीचे काम संहितेत चालते.

मोठ्या यंत्रांचीही हीच कथा. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरातील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत २०१९ साली ‘परम शिवाय’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. राष्ट्रीय महासंगणन अभियानातील तो पहिला. त्याची क्षमता ८३७ टेराफ्लॉप्स, आणि त्याची उभारणी पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने केली. याच संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ घडवला होता. जगातील सर्वांत वेगवान अशा ५०० संगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. म्हणजे कोट्यवधी रुपयांच्या या यंत्रांचा पाया मुक्त आज्ञावलींचा आहे, आणि त्या पायातील कित्येक चिरे एकेकट्या माणसाने तोलून धरले आहेत.

तो माणूस थकला तर काय होते? एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीतील मोठा दोष उघड झाला. जगातील असंख्य संस्था गुप्त माहितीच्या रक्षणासाठी हिच्यावर विसंबून होत्या. हा दोष तीत दोन वर्षे दडून होता आणि त्यातून सांकेतिक शब्दही परक्याच्या हाती पडू शकत होते. तोवर या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर होत्या, आणि पूर्णवेळ काम करणारा एकच मनुष्य होता. पुढची घटना याहून बोलकी आहे. ‘एक्सझेड’ ही माहिती आकुंचित करणारी लहानशी आज्ञावली एक गृहस्थ बहुतांशी एकट्यानेच, विनामोबदला सांभाळीत होते. काम मंदावले म्हणून २०२२ साली त्यांच्यावर तक्रारींचा मारा झाला. याच सुमारास एक मदतनीस पुढे आला. त्याने दोन वर्षे निष्ठेने काम करून विश्वास संपादन केला, आणि २०२४ च्या आरंभी आज्ञावलीत चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्याने कारण शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी ही चोरवाट जगापुढे मांडली. ती बहुतेक स्थिर आवृत्त्यांत शिरण्यापूर्वीच सापडली.

या घटनेतून दोन धडे मिळतात. संहिता सर्वांसमोर होती म्हणूनच एका जिज्ञासू माणसाला तिच्या मुळाशी जाता आले. परंतु ती सर्वांसमोर होती, एवढ्याने ती कोणी वाचली होती असे नाही. दार उघडे असणे वेगळे आणि घरात राखणदार असणे वेगळे.

काशीच्या उपमेची मर्यादाही येथे प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. शास्त्रांची चर्चा खुली होती, ती ज्यांना अध्ययनाचा अधिकार दिला गेला त्यांच्यापुरती. स्त्रियांना आणि समाजातील बहुसंख्यांना त्या पाठशाळांचे दार बंदच होते. मुक्त परवाना वाचकाची जात किंवा जन्म विचारीत नाही, हा त्याचा थोर गुण. मात्र फुरसत, यंत्र आणि इंग्रजीचे ज्ञान ही साधने ज्याच्याजवळ नाहीत, त्याला परवान्याने दिलेले स्वातंत्र्य कागदावरच राहते.

आणि पोटाचा प्रश्न तेव्हाही होता. नागेशभट्टांना शृंगवेरपूरच्या राम राजाचा आश्रय लाभला आणि त्यांनी त्याचा कृतज्ञ उल्लेख केला आहे. आजचा आश्रयदाता एखादा राजा असणार नाही. ज्या विद्यापीठांची, बँकांची आणि शासकीय कार्यालयांची कामे या आज्ञावलींवर चालतात, त्यांनीच तो भार वाटून घेतला पाहिजे. यंत्रखरेदीच्या अंदाजपत्रकात आज्ञावलींच्या देखभालीसाठी लहानसा वाटा राखता येईल. विद्यार्थ्याने महिनाभर एखाद्या जुन्या आज्ञावलीतील दोष दूर केले, तर त्या कामाला अभ्यासक्रमात गुण देता येतील. ज्याला आज्ञावली लिहिता येत नाही, तोही आपल्या भाषेत अक्षरे कोठे चुकतात हे नेमकेपणाने कळवू शकतो.

हे सर्व करण्यापूर्वी मात्र एक गोष्ट करावी. अशा एखाद्या कार्यकर्त्याचा एका महिन्याचा वृत्तांत शेवटपर्यंत वाचावा. तो कंटाळवाणा वाटेल. परंतु आपले पत्र ज्या यंत्रावर उमटले, आपले पैसे ज्या मार्गाने बँकेत पोहोचले, त्यांची राखण कोणी केली, याचा जमाखर्च त्या रुक्ष ओळींत असतो. हिशेब देणारा तो देत आला आहे. तो वाचून घेण्याचे कर्तव्य आपले आहे.