आयत्या बिळावर नागोबा



कोकिळा स्वतः घरटे बांधीत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि बिचारा कावळा आपल्या चोचीतला घास परक्या पिलाला भरवीत बसतो. आज मी आपणांला कोकिळेच्याही वरताण अशा एका पाहुण्याची ओळख करून देणार आहे. हा पाहुणा म्हणजे यकृतात मुक्काम ठोकणारा एक विषाणू. डॉक्टर मंडळी त्याला हिपॅटायटिस बी म्हणतात.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. कावीळ हे एका रोगाचे नाव नव्हे. ते लक्षण आहे. यकृत बिघडले म्हणजे एक पिवळे द्रव्य रक्तात साचते आणि डोळे पिवळे दिसू लागतात. यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच : ए, बी, सी, डी आणि ई. त्यांपैकी ए आणि ई हे घाण पाण्यातून व अन्नातून येतात आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप जातात. गरोदर बाईला मात्र ई जिवावर बेतू शकतो, तिने दवाखाना गाठलाच पाहिजे. गावोगावी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन किंवा गळ्यात माळ घालून कावीळ 'उतरवणारे' लोक असतात. त्यांना यश येते ते यामुळेच. काम रोग्याचे शरीर करते आणि नाव माळेचे होते!

बी ची गोष्ट निराळी. तो पाण्यातून येत नाही. एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचल्याने, तपासणी न केलेल्या रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून मुलाला, अशा वाटांनी तो येतो. याचा पहिला माग अमेरिकन शास्त्रज्ञ बरूच ब्लुमबर्ग यांना लागला. तो त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केला आणि १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या विषाणूची मिळकत किती, ते पाहा. माणसाच्या पेशीत प्रथिने तयार करण्याच्या सुमारे २०,००० कृती लिहिलेल्या असतात. त्यांनाच जनुके म्हणतात. या विषाणूजवळ अवघी चार! प्रथिने म्हणजे केवळ डाळीतले सत्त्व नव्हे, बरं का. पेशीतले दार, कुलूप, सुतार, कारकून, पहारेकरी अशी सारी कामे प्रथिनेच करतात. मग चार जनुकांचा धनी संसार कसा थाटतो? उत्तर सोपे आहे : दुसऱ्याच्या नोकरांकडून.

पहिला नोकर दारावरचा. यकृत पित्त तयार करते. ते आतड्यात जाऊन अन्नातली चरबी पचवायला मदत करते. पित्तातली आम्ले शरीर फुकट घालवीत नाही. ती रक्तावाटे परत येतात आणि यकृताच्या पेशीवरचे एक प्रथिन त्यांना आत ओढून घेते. त्या प्रथिनाचे नाव एनटीसीपी. बी विषाणूच्या अंगरख्याचा एक तुकडा नेमका याच दाराला चिकटतो आणि विषाणू आत शिरतो. हे दार कोणते, ते अनेक वर्षे कोणाला कळले नव्हते. २०१२ साली चीनमध्ये बीजिंग येथील वेन्हुई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधून काढले. हा विषाणू यकृताचाच वाटा का धरतो, याचे मोठे कारण त्यामुळे उलगडले.

दुसरा नोकर सुतार. विषाणूचा आनुवंशिक धागा अर्धवट, एका बाजूने तुटका असतो. पेशीच्या केंद्रात तो पोहोचला की आपल्याच धाग्यांची डागडुजी करणारी प्रथिने त्यालाही आपला समजून सांधून देतात. त्याचे पक्के वर्तुळ बनते.

तिसरा नोकर नकलनवीस. आपल्या जनुकांच्या नकला उतरणारे प्रथिन त्या वर्तुळाच्याही नकला भराभर काढू लागते, आणि त्यांवरून विषाणूची प्रथिने तयार होतात.

पण घरात पहारेकरी नाही का? आहे. एसएमसी ५/६ नावाचा प्रथिनांचा एक गट अशा परक्या वर्तुळाला गप्प बसवतो. त्यावर या ठगाची युक्ती ऐका. त्याचे एक छोटे प्रथिन पेशीतला केरकचरा काढणाऱ्या यंत्रणेला गाठते आणि पहारेकऱ्यालाच केरात काढायला लावते. हे २०१६ साली उघडकीस आले.

आणि या ठगालाही एक महाठग भेटला आहे. तो डी विषाणू. इटलीतील मारिओ रिझेत्तो यांनी १९७७ साली त्याचा शोध जाहीर केला. त्याला स्वतःचा अंगरखासुद्धा नाही. तो बी चा अंगरखा पांघरून फिरतो. म्हणून बी नसेल तिथे डी ला पसरता येत नाही.

आपण म्हणाल, ही हकीकत मनोरंजक खरी, पण आम्हांला तिचा उपयोग काय? उपयोग असा. ते पक्के वर्तुळ आपल्याच पेशीच्या तिजोरीत बसलेले असते. आजची औषधे विषाणूची वाढ दाबून ठेवतात, यकृत वाचवतात. पण वर्तुळ सहसा निघत नाही. म्हणून औषध बहुधा वर्षानुवर्षे घ्यावे लागते. मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेकांचे शरीर त्याला हुसकावून लावते. नवजात बालकाला झाली तर दहांपैकी नऊ बालकांत तो कायमचा ठाण मांडतो. त्या वेळी डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. मूल हसते, खेळते. आणि ऐन चाळिशीत, कर्त्या वयात, यकृत आक्रसते किंवा तिथे कर्करोग होतो.

म्हणून दार बंद करणे हेच शहाणपण. बी ची लस जन्मापासून चोवीस तासांच्या आत टोचायची असते आणि पुढचे डोस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. बी ला अडवले की डी आपोआप अडतो. गरोदरपणी आईच्या रक्ताची तपासणी अवश्य करावी. दोष निघाला तर घाबरू नये. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवले म्हणजे बाळाला लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन देता येते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या रक्तात हा विषाणू आहे असे कळले, तर त्याला वेगळ्या बाकावर बसवू नका. एका ताटात जेवल्याने, हातात हात घातल्याने, पाटी-पुस्तक देण्याघेण्याने हा रोग पसरत नाही. कोणाला लागले-खरचटले, तर रक्त उघड्या हाताने पुसू नये, एवढी काळजी पुरे.

आणि आयाबायांना एवढेच सांगणे : घरात बाळ जन्मले की पेढे वाटाच, पण त्याआधी नर्सबाईंना विचारा, "बाई, काविळीची लस टोचली का?" घर आपले आहे, नागोबाला बीळ मोकळे ठेवायचे की नाही, हे पहिल्या चोवीस तासांत आपल्याच हाती असते.