‘मी, दुर्गा खोटे’ आणि आपण सुरतकर

(गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर केलेले भाषण)



आम्ही सरकारी नोकर. फॉर्ममधले रकाने भरून घेणे हेच आमचे काम. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. त्यामुळे दुर्गाबाई खोटे यांच्या आत्मचरित्राचे नावच आम्हाला आधी थांबवते : ‘मी, दुर्गा खोटे’. या तीन शब्दांमधला पहिलाच तेवढा त्यांचा स्वतःचा. आडनाव सासरचे. माहेरच्या त्या लाड, जन्म १९०५ चा. कुटुंब मूळ गोव्याकडचे, घरात कोकणी, शाळा-कॉलेज मुंबईत इंग्रजीतून, आणि नाव झाले ते मराठी-हिंदी पडद्यावर. मग त्या कोण? हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. ऑफिसात गुजराती, घरात मराठी किंवा अहिराणी, आणि ताप्ती लाईनने गावी गेलो की तिथले लोक म्हणतात, ‘सुरतवाले आले.’

त्यांचे लग्न सधन खोटे घराण्यात झाले. पुढे त्या घराची आर्थिक घडी विस्कटली. पतीही अकाली गेले. पदरी दोन मुलगे. घर चालवायचे म्हणून, हौस म्हणून नव्हे, ही बाई १९३१ साली सिनेमात आली. तेव्हा चांगल्या घरच्या बाईने पडद्यावर दिसणे म्हणजे काय होते, हे आज सांगून कळणार नाही. त्याआधी पुरुषच लुगडे नेसून तारामती होत, हे आठवा. ‘फरेबी जाल’ या पहिल्या चित्रपटात त्यांचे काम छोटेसेच होते, पण लोकांनी नावे ठेवली ती दोन्ही घराण्यांना.

दुसऱ्या कोणी तिथेच पाय मागे घेतला असता. दुर्गाबाई कोल्हापूरला प्रभात कंपनीत गेल्या, आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये शांतारामबापूंच्या हाताखाली तारामती झाल्या. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. हा पहिला मराठी बोलपट, आणि हिंदीतही निघाला. काल नावे ठेवणारेच आज तिकीट काढून आले! चार वर्षांनी ‘अमर ज्योती’त त्यांनी समुद्रावरची बंडखोर सौदामिनी रंगवली. सती तारामतीपासून ते चाच्यांच्या राणीपर्यंत. आमच्या मते ही झेप पुढच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा मोठी.

नंतरचे बहुतेकांना ठाऊक आहे. १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई, ‘बॉबी’तली गोव्याची ख्रिस्ती आजी, ‘बिदाई’तली आई. पद्मश्री, आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार. त्यांच्या नावाच्या निर्मितीसंस्थेने १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘वागळे की दुनिया’ आणली. आमच्या पिढीतल्या कित्येकांना ती मालिका आठवते, पण तिच्यामागे या बाई होत्या हे कमी लोकांना ठाऊक असते.

घरचे दुःख मात्र सुटले नाही. मुलगा हरीन तरुणपणीच गेला. त्यांची सून विजया, पुढे विजया मेहता म्हणून मराठी रंगभूमीवर केवढी झाली ते सांगायला नको. त्यांचा जन्म आपल्या शेजारच्या बडोद्याचा! एका घरातल्या दोन बायका, दोघी कलावंत, दोघींनी वैधव्य पाहिले, आणि काम दोघींनीही सोडले नाही.

आता सुरतेची एक गंमत. १९७० च्या ‘खिलौना’त दुर्गाबाई ज्याची आई झाल्या तो नायक म्हणजे आपल्या सुरतेत जन्मलेला हरिहर जरीवाला, अर्थात संजीव कुमार. त्याने जरीचा धंदा सांगणारे आडनाव पडद्याबाहेर ठेवले. पालला त्याच्या नावाचे जे सभागृह आहे तेही ‘संजीव कुमार’ नावाचेच. पुरुषाला नाव बदलून मोकळे होता आले. दुर्गाबाईंनी ज्या आडनावावरून लोक बोलले तेच आडनाव पाटीवर, पडद्यावर आणि शेवटी पुस्तकावरही ठेवले.

हे सगळे सांगण्याचे कारण आपल्या घरात आहे. मुलगा क्रिकेटला गेला की आपण बॅट आणतो. मुलगी नाटकाच्या तालमीला निघाली की आठ वाजता फोन, नऊ वाजता पुन्हा फोन, आणि ‘लग्नात लोक विचारतील’. लोक विचारतात, खरे आहे. कॉलनीत राहायचे आहे, बापाची काळजी खोटी नाही. पण १९३१ चे लोक कोण होते हे आज कुणाला ठाऊक नाही, आणि दुर्गाबाईंच्या सौदामिनीबद्दल आपण इथे बसून बोलतो आहोत.

उद्या संध्याकाळी साडेसातला आपल्या मुलींची एकांकिका आहे. कार्यक्रमपत्रिकेत कुणाचे नाव कसे छापायचे, वडिलांच्या नावासह की नुसते, ते ज्या-त्या मुलीला विचारून ठरवले आहे. वडीलमंडळींसाठी पुढची रांग राखून ठेवली आहे. वेळेवर यावे.

गणपती बाप्पा मोरया!