तज्ज्ञाची साक्ष आणि न्यायाधीशाचा निवाडा



फौजदारी खटल्यांत सामान्य साक्षीदारानें जें डोळ्यांनीं पाहिलें व कानांनीं ऐकिलें तेवढेंच सांगावयाचें असतें. मत देण्याची मुभा मुख्यतः तज्ज्ञास असते. ती १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमानें दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ३९ व्या कलमांत ती कायम आहे.

या मताची मर्यादा कोठवर? समजा, आमच्या कपिलधारेच्या धबधब्याखालीं डोहांत एखादें प्रेत सांपडलें. मनुष्य जिवंतपणीं बुडाला कीं मेल्यावर पाण्यांत टाकिला गेला? पाण्यांत डायॅटम नांवाचें अतिसूक्ष्म शेवाळ असतें. बुडणारा श्वासाबरोबर पाणी आंत ओढतो, आणि हृदय चालू असल्यामुळें हे कण रक्तावाटे हाडांतील मज्जेपर्यंत जाऊं शकतात. ते तेथें आढळले व डोहांतील कणांशीं जुळले, तर तो जिवंतपणीं बुडाला या मतास बळकटी येते. न आढळले म्हणून तो बुडालाच नाहीं असें ठरत नाहीं. शिवाय त्याचा पाय घसरला कीं त्यास कोणीं ढकललें, हें सूक्ष्मदर्शक यंत्र सांगूं शकत नाहीं. तेथें तज्ज्ञानें थांबलें पाहिजे.

आतां दुसरी बाजू पाहूं. १९५६ सालीं पुण्याहून आगगाडीनें मुंबईस निघालेल्या एका मधुमेही विधवा बाईस बरोबरच्या डॉक्टरानें बेशुद्धावस्थेंत गोकुळदास तेजपाल रुग्णालयांत नेलें. ती तेथेंच वारली. रासायनिक परीक्षेंत विष सांपडलें नाहीं. तरीहि डॉ. अनंत चिंतामण लागू यांस देहान्ताची शिक्षा झाली, व डिसेंबर १९५९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती दोन विरुद्ध एक अशा मतानें कायम केली. बाईचें नांव खोटें सांगणें, मृत्यु लपविणें, खोट्या पत्रांच्या आधारें तिची मालमत्ता घेणें, ही सारी वर्तणूक न्यायालयानें तोलिली. सर्वच विषें शरीरांत खूण ठेवीत नाहींत, हेंहि ध्यानांत घेतलें. एका न्यायमूर्तींस मात्र विषप्रयोग सिद्ध झाला असें वाटलें नाहीं. एका जिवाचा प्रश्न असतां शहाण्या माणसांतहि असा मतभेद होऊं शकतो!

२०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेनें, सात वर्षें वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञानें घटनास्थळीं जावें अशी तरतूद केली आहे. म्हणजे तज्ज्ञांचें महत्त्व वाढणार. अशा वेळीं न्यायाधीशानें पदवीस मान द्यावा, पण "हें कशावरून?" असें विचारावेंच. गणितांत रीत न मांडणाऱ्या मुलास आम्हीं पुरे गुण कधींच दिले नाहींत. मग येथें तर माणसाचा प्राण पणास लागलेला असतो.