आज्ञावलीतील देवनागरी
(जयपूर येथील माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



'क्लास' म्हटले की आपल्याला शाळेचा वर्ग आठवतो. संगणकाच्या आज्ञावलीतील क्लास म्हणजे साचा. कोणती माहिती ठेवायची आणि तिचे काय करायचे, हे त्यात एकत्र बांधलेले असते. अशा तयार साच्यांच्या भांडारास क्लास लायब्ररी म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या १९९२ सालच्या 'फाउंडेशन क्लासेस'मध्ये पुढे १९९६ साली इंटरनेटचे क्लासही आले. सत्र उघडावे, जोडणी करावी, विनंती धाडावी आणि आलेले उत्तर फाइलसारखे ओळीओळीने वाचावे. टेबलावरच्या संगणकातील साध्या प्रोग्रामलाही हे साधू लागले.

परंतु भांडार तयार मिळाले म्हणून आपली लिपी आपोआप सांभाळली जात नाही. विंडोजच्या जुन्या अक्षरकोष्टकांत देवनागरीला जागाच नव्हती. तिला आधार फक्त युनिकोडचा. जोहरी बाजारातील एखाद्या पेढीचा प्रोग्राम जुन्या पद्धतीने बांधलेला असेल, तर दूरच्या संगणकावरून आलेले ग्राहकाचे नाव जुन्या कोष्टकात उतरताना प्रश्नचिन्हांची रांग होते. ती रांग साठवली गेली की मूळ नाव तीतून परत काढता येत नाही. दुसरी अडचण अधिक लपलेली आहे. इंटरनेटवरून येताना देवनागरीचे एकेक चिन्ह बहुधा तीन बाइटांचे असते. मजकूर ठरावीक तुकड्यांनी वाचला, तर एखादे चिन्ह मध्येच तुटते. म्हणून आधी सर्व बाइट गोळा करावेत, मगच त्यांची अक्षरे करावीत.

अठराव्या शतकात, सवाई जयसिंगांच्या आश्रयाने, जगन्नाथ सम्राटांनी युक्लिडचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात 'रेखागणित' म्हणून आणला. त्यातील त्रिकोणाचे कोपरे 'अ, ब, ज' आहेत, 'अ, ब, क' नव्हेत; अरबी अक्षरांचा क्रम त्यांनी देवनागरीत जसाच्या तसा उतरवला. मला तर हे उत्तम लिप्यंतर वाटते: लिपी पालटली, पण कोणती खूण कोणत्या बिंदूची, हे हरवले नाही.

आपल्यापैकी अनेक जण कचेरी, दुकान वा संस्थेसाठी प्रोग्राम विकत घेतात. पैसे देण्यापूर्वी त्यात 'कऱ्हाड' लिहून पाहा. नाव दूरच्या संगणकावर साठवा, प्रोग्राम बंद करा आणि तेच नाव पुन्हा मागवा. त्यातील 'ऱ' युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह आहे. तो 'र' होऊन आला, तर विक्रेत्याला तिथेच थांबवून कारण विचारा.