चिंगीची पावलं



आत्ता 'ही कुत्र्याबरोबर नाचते' अशी माझी ओळख करून दिली आणि मागच्या रांगेतून शिट्टी आली. शिट्टी कोणाची, ते तीस वर्षांनीही ओळखलं बरं का! पण ओळख खरी आहे. सॉफ्टवेअरच्या नोकरीनिमित्त इंग्लंडला गेले आणि तिथे हा खेळ भेटला.

त्याला 'हीलवर्क टू म्युझिक' म्हणतात. मेरी रे या प्रशिक्षिकेने १९९०च्या दशकात बर्मिंगहॅमच्या 'क्रफ्ट्स' श्वानप्रदर्शनात तो करून दाखवला आणि लोकांना वेड लावलं. २०१२ साली अ‍ॅशली बटलर आणि तिचा कुत्रा पडसी 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' जिंकले, तेव्हा तो घरोघरी पोचला. प्रकार दोन. हीलवर्कमध्ये कुत्र्याने मुख्यतः माणसाच्या पायालगत ठेक्यात चालायचं. फ्रीस्टाइलमध्ये गिरक्या, पायांमधून नागमोडी चाल, उलटं चालणं, सगळं चालतं. स्पर्धेत गळ्यात दोरी नाही, हातात खाऊ नाही. नाच कसा बसवला, किती अचूक झाला आणि संगीताशी किती जुळला, यावर गुण.

आता माझी फजिती. आपल्या शाळेचं लेझीम आठवतं ना? हलगी सुरू झाली की माझा पाय हमखास चुकायचा. शेवटी मला रांगेतून काढून पाण्याच्या कळशीपाशी बसवलं. सर, तक्रार नाही हं! साठ मुलींना एका ठेक्यावर आणायचं, तर आणखी काय करणार?

पण सल राहिला होता. म्हणून पहिल्या स्पर्धेसाठी मी हट्टाने लेझमाचाच ठेका निवडला. माझी चिंगी दोन गिरक्या घेऊन रिंगणाच्या मधोमध बसली, ती उठेचना. बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. आमच्या प्रशिक्षिका शांतपणे म्हणाल्या, "ती तुझ्या ठेक्यावर पळत होती. तिचा ठेका तू कधी मोजलास?"

दुसऱ्या दिवशी बागेत घड्याळ लावून चिंगीची पावलं मोजली. तिची सहज दुडकी चाल त्या ठेक्यापेक्षा बरीच संथ होती. मग त्या चालीला जुळणारं संगीत शोधलं. या खेळातली जाणती माणसं हेच करतात: आधी कुत्र्याची चाल बघायची, मग गाणं निवडायचं. बघणाऱ्याला वाटतं, कुत्रा गाण्यावर नाचतोय. खरं तर गाणं त्याच्या मापाने बेतलेलं असतं.

शिकवायची रीतही तशीच. बरोबर हालचाल झाली त्याच क्षणी क्लिकरचा 'टिक' आवाज, लगेच खाऊ. चुकलं तर रागवायचं नाही. आपली खूण कुठे चुकली ते शोधायचं. प्रोग्रॅम चुकला की आम्ही संगणकावर ओरडत नाही, आपली ओळ तपासतो. ऑफिसात रोज करत होते, घरी मात्र विसरले होते. मुलीला गणित शिकवताना मीच हलगी बडवत होते आणि ती कळशीपाशी जाऊन बसत होती. आता आम्ही तिच्या चालीने जातो. वेळ लागतो, पण ती उठून जात नाही.

पुढच्या स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. पण चिंगी शेवटपर्यंत नाचली आणि मीही. या वेळी दोघींपैकी कोणालाच रांगेबाहेर काढलं नाही.

सर, संध्याकाळी लेझीम आहे असं ऐकलंय. ठेका थोडा संथ ठेवाल?