एका गोळीत दोन औषधं

मागच्या पावसाळ्यात अम्मीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर दुखण्याच्या गोळ्या मी घड्याळ लावून देत होतो. तिसऱ्या दिवशी कणकण वाटली म्हणून शेजारच्या भाभींनी तापाची गोळी दिली. रात्री झोप लागेना, तेव्हा धाकट्या भावाने स्वतःची झोपेची गोळी पुढे केली. तेवढ्यात मी दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट वाचलं. कवीची खोड, छापलेलं दिसलं की वाचायचं.

श्रोतेहो, त्यावर दोन नावं होती. ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५. म्हणजे तापाची गोळी अम्मीच्या पोटात आधीपासूनच जात होती! पॅरासिटामॉल धडधाकट माणसालाही दिवसाला ४,००० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. म्हाताऱ्या, अशक्त माणसांना त्याहून कमी. यकृताला इजा झाली तरी पहिला दिवसभर फारसं काही जाणवत नाही, हे त्यातलं वाईट.

ट्रामाडॉल अफूच्या जातकुळीतलं. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. म्हणून ते टाकाऊ नव्हे. अम्मीला कूस बदलता येत होती ती त्याच्याच जोरावर. पण सोबत झोपेची गोळी किंवा दारू गेली तर श्वास मंदावतो, थांबूही शकतो.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "दोन्ही गोळ्या नकोत. ताप अंगावर काढू नका, सकाळी दाखवा. आणि हाका मारूनही जागी होत नसेल, तर सकाळची वाट बघू नका."

अम्मी आता काठी घेऊन चालते. सहा गोळ्या उरल्या होत्या. भाभींनी गुडघ्यासाठी मागितल्या. मी दिल्या नाहीत. चार दिवस रुसल्या होत्या.